घरचा मीडिया सर्व्हर बाहेरगावाहून उघडायचाय? आधी राउटरवरचा पत्ता वाचा

इंदुरात रामबागेतल्या एखाद्या घरी टीव्हीखाली डब्याएवढा एक संगणक ठेवलेला असतो. त्यावर जेलिफिन किंवा प्लेक्स हा घरचे व्हिडिओ-गाणी दाखवणारा प्रोग्रॅम बसवलेला असतो आणि आत घराचा ठेवा असतो: व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली मुंज, गणपतीतल्या आरत्या, आजोबांनी कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या बैठकीत टेप केलेलं गाणं. घरच्या वायफायवर सगळं झकास चालतं. पुण्याला नोकरी करणारी नात तेच ॲप उघडते तेव्हा मात्र नुसतं चाक गरगरत राहतं. मग घरातलं कुणीतरी नेटवर वाचून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करतं. चाक गरगरतंच. पोर्टचा नंबर बदलून होतो, राउटर रिसेट करून होतो, शेवटी नवा राउटर घरी येतो. पैसे गेले आणि चाक जागेवरच, कारण अशा बऱ्याच घरांत खोट पोर्टमध्ये नसते. ज्या पत्त्यावर पोर्ट उघडलं, तो पत्ताच त्या घराचा नसतो.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. दार एकच, आत बिऱ्हाडं दहा, आणि देवडीवर बसलेला एक माणूस. टपालाच्या दृष्टीने सगळ्या वाड्याचा पत्ता एकच. आतल्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र टाकलं की देवडीवाला वहीत नोंद करतो: अमक्या खोलीतून तमक्याला पत्र गेलं. उत्तर आलं की वही बघून ते नेमक्या खोलीत पोचवतो. पण न बोलावता कुणी दारात येऊन उभं राहिलं, तर वहीत नोंद नसल्यामुळे तो त्याला परत पाठवतो. राउटर हेच करतो आणि ह्याला नॅट म्हणतात. म्हणून घरातून यूट्यूब बघता येतं, पण पुण्याहून घरातल्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे देवडीवाल्याला दिलेली कायमची चिठ्ठी: ८०९६ नंबर विचारत कुणी आलं, तर त्याला मागच्या खोलीत सोड.

आता समजा, सबंध गल्लीलाच मिळून एक पत्ता आहे आणि गल्लीच्या तोंडाशी दुसरा देवडीवाला बसलाय. तो इंटरनेट कंपनीचा माणूस. त्याच्या वहीत तुम्हाला लिहिता येत नाही. तुमच्या दारातली चिठ्ठी कितीही बरोबर असली तरी पाहुणा गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरतो.

पत्ता वाचायचा कसा

राउटरचं पान उघडा. ते बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. लॉगिन बहुतेक वेळा डब्याखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आत 'स्टेटस' मध्ये 'डब्ल्यूएएन' (वॅन, म्हणजे राउटरची बाहेरची बाजू) किंवा 'इंटरनेट' असा भाग सापडेल. तिथला आयपी पत्ता कागदावर लिहून घ्या. मग त्याच वायफायवर, फोनचं व्हीपीएन बंद करून, ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. लांबलचक, कोलनवाला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ चा आहे. आपल्याला ठिपके असलेला, चार आकड्यांचा, म्हणजे आयपीव्ही४ चा हवा.

दोन्ही पत्ते एकच निघाले, तर पत्ता तुमचा आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालू शकतं.

राउटरवर १०० ने सुरू होणारा पत्ता असेल तर दुसरा आकडा बघा. तो ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही गल्लीच्या देवडीमागे आहात. ह्याला सीजी-नॅट म्हणतात. आयपीव्ही४ मध्ये सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा, सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा कंपन्यांच्या ह्याच कामासाठी वेगळा काढला गेला. १००.२० किंवा १००.१५० असा पत्ता दिसला तर तो ह्या पट्ट्यातला नाही. नुसतं '१००' बघून घाबरू नका.

राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर घरात बहुधा दोन राउटर आहेत. हे फार घरांत आढळतं. कंपनीच्या माणसाने भिंतीवर लावलेला फायबरचा डबा, ज्याला सगळे मोडेम म्हणतात, तोच मुळात राउटर असतो. त्याच्या पुढे आपण चांगल्या वायफायसाठी दुसरा जोडतो. एका वाड्यात दोन देवड्या झाल्या आणि चिठ्ठी दिली फक्त आतल्या देवडीवर. सोपा उपाय असा: आपल्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. तो मोड नसेल, तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याला घरच्या जाळ्यातला मोकळा पत्ता द्या आणि कंपनीच्या डब्यातून आलेली केबल त्याच्या 'वॅन' खाचेतून काढून 'लॅन' खाचेत घाला. मग वहीत लिहायचं काम एकट्या कंपनीच्या डब्यावर येतं. उलटही करता येतं: कंपनीच्या डब्याला 'ब्रिज' मोडवर टाकून आपल्या राउटरवरून पीपीपीओईने, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीने, लॉगिन करायचं. त्यासाठी कंपनीकडून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरच्या वेगळ्या मार्गिकेचा, नंबर लागतो. तो नंबर विचारायला विसरलात, तर ब्रिज केल्यावर इंटरनेट येतच नाही आणि आपण बिचाऱ्या राउटरला दोष देत बसतो.

पत्ता १० ने सुरू होत असेल तर दोन्ही शक्यता आहेत. घरात डबा एकच असेल, तर कंपनीनेच असा पत्ता दिलाय आणि तोही सीजी-नॅटचाच प्रकार.

सीजी-नॅट निघालं तर कंपनीला फोन करावा लागेल. इंदुरात ही बोलणी हिंदीतच होणार, तेव्हा शब्द नेमके वापरा: "भैया, मेरा कनेक्शन सीजी-नॅट पर है, मुझे पब्लिक आयपी चाहिए. महीने का कितना लगेगा?" नुसता 'स्टॅटिक' मागू नका. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, पब्लिक म्हणजे बाहेरून दिसणारा. न बदलणारा पण गल्लीतलाच पत्ता मिळाला, तर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट पब्लिक पत्ता बदलता असला तरी काम भागतं.

पोर्ट न उघडता जाण्याचा रस्ता

माझं स्पष्ट मत आहे की घरच्याच चार-पाच माणसांना बघायचं असेल, तर पब्लिक पत्ता मिळत असला तरी पोर्ट उघडू नये. टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारं खाजगी जाळं, वापरावं. ह्यात घरचा सर्व्हर आणि नातीचा फोन, दोघंही आतून बाहेर पत्र टाकतात. दोन्ही देवड्यांच्या वह्यांत नोंद होते, मधला एक समन्वयक दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा देतो आणि पुढे दोघं थेट बोलतात. सगळं बोलणं वायरगार्ड ह्या पद्धतीने कुलूपबंद असतं. राउटरला हात लावावा लागत नाही आणि सीजी-नॅट आडवं येत नाही.

सर्व्हरवर टेलस्केल बसवा, लॉगिन करा, त्याला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल. हो, हा पत्ता त्याच पट्ट्यातून येतो ज्यातून सीजी-नॅटचा येतो. दोन्हींची गल्लत करू नका: हा संगणकाला मिळालेला, तो राउटरला मिळालेला. नातीच्या फोनवरही टेलस्केल बसवा. तिला घरच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. तिने स्वतःचं खातं काढावं आणि तुम्ही फक्त तो एक सर्व्हर तिच्याशी 'शेअर' करावा. मग जेलिफिनच्या ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता म्हणून तो १०० वाला पत्ता, पुढे कोलन आणि ८०९६ एवढंच टाकायचं.

इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं म्हणजे मुदत. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. दिवाळीत बसवलेलं सगळं अक्षयतृतीयेच्या सुमारास एकाएकी बंद पडतं आणि कुणाला काही उमगत नाही. टेलस्केलच्या वेबपानावर यंत्रांच्या यादीत सर्व्हरपुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'डिसेबल की एक्स्पायरी' आजच करून टाका. दुसरं म्हणजे वेग. थेट रस्ता जुळला नाही, तर सगळा व्हिडिओ टेलस्केलच्या मधल्या केंद्रावरून फिरून येतो आणि अडखळतो. सर्व्हरवर 'टेलस्केल स्टेटस' ही आज्ञा दिली की त्या यंत्रापुढे 'डायरेक्ट' किंवा 'रिले' असं दिसतं. 'रिले' दिसलं, तर समोरच्या टोकाचं जाळं बदलून बघा. ऑफिसच्या वायफायवर रिले आणि मोबाइल डेटावर डायरेक्ट, असं पुष्कळदा होतं.

टीव्हीची अडचण मात्र खरी आहे. अँड्रॉइड टीव्हीवर आणि ॲपल टीव्हीवर टेलस्केल बसतं. एलजीच्या टीव्हीवर जेलिफिनचं ॲप मिळतं, पण टेलस्केलचं नाही. सॅमसंगच्या टीव्हीवरही टेलस्केल नाही. तिकडे गूगल टीव्हीची एक स्टिक लावून दिली की प्रश्न मिटतो. पोर्ट उघडून होणाऱ्या कटकटीपेक्षा ती स्टिक स्वस्त पडते.

पोर्ट उघडायचंच असेल तर

आधी सर्व्हरचा घरातला पत्ता पक्का करा. राउटरच्या 'डीएचसीपी' पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (यंत्राच्या खाचेला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) आणि १९२.१६८.१.५० सारखा पत्ता जोडून टाका. एकाच संगणकाच्या केबलच्या खाचेचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो. सर्व्हर केबलने जोडलेला आणि रिझर्व्हेशन वायफायच्या मॅकचं, ही चूक नेहमीची. वीज जाऊन आली की सर्व्हरला दुसराच पत्ता मिळतो आणि चिठ्ठी रिकाम्या खोलीकडे बोट दाखवत राहते.

मग 'पोर्ट फॉरवर्डिंग' उघडा. काही राउटरवर ह्याला 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात, काहींवर ते 'नॅट' मध्ये दडलेलं असतं. जेलिफिनसाठी टीसीपी ८०९६, प्लेक्ससाठी टीसीपी ३२४००. कंपनीच्या डब्यांवर एक खास खोच आहे: नियम कोणत्या 'वॅन' जोडणीला लावायचा, ते निवडावं लागतं. तिथे टीआर०६९, व्हीओआयपी आणि इंटरनेट अशी दोन-तीन नावं दिसतात. पहिली जोडणी कंपनीच्या देखभालीची आणि दुसरी फोनची. नियम 'इंटरनेट' लिहिलेल्या जोडणीलाच लागला पाहिजे.

सर्व्हर विंडोजवर असेल तर घरच्या जाळ्याचा प्रकार 'प्रायव्हेट' आहे ना ते बघा. 'पब्लिक' असेल तर विंडोजची फायरवॉल बाहेरच्याला आत येऊ देत नाही.

चाचणी घरच्या वायफायवरून करू नका. बरेच राउटर आतून आपल्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही बंद असल्यासारखं वाटतं. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून उघडा. काय होतं ते नीट बघा, कारण दोन्ही प्रकारच्या अपयशांचा अर्थ वेगळा आहे. लगेच 'रिफ्यूज्ड' आलं, तर बहुधा पाहुणा वाड्यापर्यंत पोचला, पण त्या दारामागे कुणी ऐकत नव्हतं: सर्व्हर बंद असेल किंवा पोर्टचा नंबर चुकला असेल. बराच वेळ थांबून 'टाइमआउट' आलं, तर तो वाटेतच कुठेतरी अडला: सीजी-नॅट, दुसरा राउटर, फायरवॉल किंवा चुकीची वॅन जोडणी. एवढा फरक ओळखता आला की अर्धं शोधकाम वाचतं.

पत्ता बदलता असेल तर डकडीएनएससारख्या सेवेवर एक फुकट नाव घ्या. राउटर किंवा सर्व्हर दर काही मिनिटांनी नवा पत्ता तिथे कळवत राहतो आणि नातीला एकच नाव लक्षात ठेवावं लागतं.

आता सुरक्षेचं, आणि इथे घाई करू नये. ८०९६ वरून जाणारा पासवर्ड उघडा जातो. मध्ये कॅडी हा प्रोग्रॅम बसवला, तर तो लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट सेवेकडून बोलणं कुलूपबंद करणारं प्रमाणपत्र आपणहून आणतो आणि मुदत संपण्याआधी बदलतोही. मग राउटरवर ८०९६ न उघडता ८० आणि ४४३ उघडायचे. काही कंपन्या ८० नंबर बाहेरून अडवतात, आणि काही राउटरचं स्वतःचं व्यवस्थापनाचं पानच ४४३ वर बसलेलं असतं. ते बाहेरून बंद करा, ते तसंही उघडं असू नये. यूपीएनपी बंद ठेवा, नाहीतर घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता देवडीवर स्वतःची चिठ्ठी देऊ शकतं. नातीसाठी वेगळं साधं खातं काढा आणि मुख्य खात्याला बाहेरून लॉगिन करायची परवानगी काढून घ्या. जेलिफिनमध्ये प्रत्येक खात्याला ती सोय आहे.

अपडेट टाळू नका. लास्टपास ह्या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीवर २०२२ मध्ये मोठा हल्ला झाला, त्यात हल्लेखोर एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरले ते प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून. ती त्रुटी प्लेक्सने मे २०२० मध्येच दुरुस्त केली होती. अपडेट केलेलं नव्हतं, एवढंच.

प्लेक्सवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास किंवा बघणाऱ्याकडे रिमोट वॉच पास लागतो. राउटर ठीक असूनही अडलं, तर हे तपासा. जेलिफिनला असे पैसे पडत नाहीत.

पोचलं, पण अडखळतंय

बाहेर व्हिडिओ जातो तो तुमच्या अपलोडवर. प्लानच्या जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, म्हणून स्पीड टेस्टमधला दुसरा आकडा बघा. चांगल्या १०८० व्हिडिओला सेकंदाला ८ मेगाबिट धरा, म्हणजे दोन तासांच्या लग्नाला ७.२ जीबी. आयफोनवर ३० फ्रेमने काढलेल्या ४के व्हिडिओच्या एका मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, म्हणजे सेकंदाला जवळपास २३ मेगाबिट. अपलोड २० चं असेल तर तो व्हिडिओ जसाच्या तसा जाणार नाही. सर्व्हरला तो तिथल्या तिथे लहान करावा लागतो, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि तिथे कमकुवत संगणकाला धाप लागते. इंटेल एन१०० चा छोटा संगणक हे काम चिपमधल्या वेगळ्या भागावर सहज उरकतो, मात्र जेलिफिनमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' चालू करावं लागतं. रास्पबेरी पाय ५ ह्या छोट्या संगणकात एच.२६४ ह्या प्रचलित स्वरूपातला व्हिडिओ बनवणारा तसा भागच नाही, तेव्हा ट्रान्सकोडिंगसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

घरच्या ठेव्यात सगळ्यात जास्त त्रास देतात त्या स्टुडिओवाल्याने दिलेल्या जुन्या डीव्हीडी. त्यातली व्हीओबी फाइल एमपेग-२ मध्ये असते आणि ब्राउझर ती जाणत नाही, त्यामुळे दर वेळी ट्रान्सकोडिंग होतं. एकदाच बसून हँडब्रेक ह्या व्हिडिओचं स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एच.२६४ आणि एमपी४ निवडा, दर्जा आरएफ २०. 'डीइंटरलेस' चालू करा, नाहीतर सप्तपदीच्या वेळी हलणाऱ्या शालूच्या काठावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. डीव्हीडीवर ९.८ मेगाबिटपर्यंत जाणारा व्हिडिओ मग सहसा दोन-तीन मेगाबिटांत बसतो आणि नातीच्या फोनवर थेट चालतो. जेलिफिनमध्ये व्हिडिओ चालू असताना 'प्लेबॅक इन्फो' उघडलं की 'डायरेक्ट' चाललाय की 'ट्रान्सकोडिंग' होतंय, ते लिहिलेलं दिसतं. मूळ व्हीओबी मात्र पुसू नका, ती वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.

वीज गेली की

असा सर्व्हर सरासरी १० वॅट घेत असेल तर महिन्याला सुमारे ७ युनिट लागतात, म्हणून रात्री बंद करायची गरज नाही. खरा प्रश्न वीज जाऊन आल्यावर तो आपणहून उठतो का, हा आहे. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' अशा अर्थाचा पर्याय 'ऑन' करा. फायबरचा डबा आणि राउटर ह्यांसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस महाराणी रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये मिळतो. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या राउटरला १ अँपिअरचा यूपीएस लावला, तर वीज गेल्या क्षणी राउटरही जातो.

बाहेरची यूएसबी ड्राइव्ह असेल तर ती सर्व्हर सुरू होण्याआधी जोडली गेली पाहिजे. नाहीतर जेलिफिन उघडतं आणि आत सगळं रिकामं दिसतं. फाइली गेलेल्या नसतात, ड्राइव्ह उशिरा जागी झालेली असते.

हे सगळं बसवून झालं की मिनी यूपीएसही काढा आणि घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवा. चालू करा, कशालाही हात न लावता दहा मिनिटं थांबा, आणि मोबाइल डेटावरून मुंजीचा व्हिडिओ लावून बघा. चालला, तर नातीला पत्ता पाठवा.